कोळी चावला असे वाटल्यास दवाखान्यात केव्हा जावे?



मी रियाध शहराच्या अल मलाझ भागात राहते आणि परिचारिका म्हणून काम करते. आपल्या न्यासाची पत्रिका मला इथे घरबसल्या वाचायला मिळते. आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना आखाती देशांत आहेत, आणि थंडीच्या दिवसांत आई-वडील दोन-तीन महिने इकडे राहायला येतात. अशा मंडळींकडून मला वरचेवर एक प्रश्न येतो : "ताई, काहीतरी चावले आहे, कोळी असावा. दवाखान्यात जायला हवे का?" गावाकडूनही हाच प्रश्न फोनवर येतो. म्हणून आज या एकाच विषयावर, मला जेवढे पक्के ठाऊक आहे तेवढे, सोप्या शब्दांत लिहिते आहे.

सुरुवातीलाच धीर देते. जवळपास प्रत्येक कोळ्याला थोडेफार विष असते, पण ते माशी, झुरळ, डास यांच्यासाठी. बहुतेक कोळ्यांचे दात माणसाच्या कातडीत नीट शिरतसुद्धा नाहीत. कोकणातल्या घरांत देवाच्या तसबिरीमागे किंवा कॅलेंडरमागे लांब पायांचा मोठा तपकिरी कोळी दिसतो. त्याची मादी पोटाखाली रुपयासारखी चपटी, पांढरी अंड्यांची पिशवी धरून फिरते. दिसायला तो भयंकर, पण काम झुरळे खाण्याचे. त्याला पाहून खुर्चीवर चढू नये. म्हातारपणी कोळ्यापेक्षा खुर्चीवरून पडण्याचा धोका मोठा!

कोणते कोळी त्रास देतात?

माणसाला खरा त्रास देणाऱ्या कोळ्यांत दोन घराणी मुख्य आहेत.

पहिला ब्लॅक विडो आणि त्याचे भाऊबंद. मादी काळी, तुळतुळीत, गोल पोटाची असते. काहींच्या पोटावर लाल खूण दिसते. हे कोळी सौदी अरेबियातही आहेत. अडगळ, लाकडे, दगडांच्या फटी, बाहेर पडून राहिलेले बूट अशा जागी ते राहतात. चावताना सुई टोचल्यासारखे वाटते, कधी तेवढेही नाही. पण साधारण तासाभरात दुखणे वाढते आणि वर चढू लागते. पोट, पाठ, मांड्या यांत गोळे येतात, पोट लाकडासारखे कडक होते, दरदरून घाम सुटतो, रक्तदाब वाढतो. मृत्यू क्वचितच होतो, पण वेदना फार असतात आणि त्या दोन-तीन दिवसही राहू शकतात.

दुसरा व्हायोलिन कोळी. हा लहान, तपकिरी, अंधार आवडणारा. कपाटात, खोक्यांत, घडी करून ठेवलेल्या कपड्यांत तो लपतो. त्याचा चावा बहुतेक वेळा कळतच नाही. काही तासांनी जागा दुखू लागते, मध्ये फिकट किंवा निळसर आणि भोवती लाल होते, फोड येतो. काही जणांत पुढच्या काही दिवसांत मधली कातडी काळी पडून जखम होते. क्वचित ताप येतो आणि लघवी काळ्या चहासारखी गडद होते. तसे झाल्यास एक तासही घरी थांबू नये.

रियाधच्या आसपास वाळवंटात सहलीला गेल्यावर उंट कोळी नावाचा मोठा, केसाळ, वेगाने धावणारा प्राणी दिसतो. त्याच्याविषयी नाना कथा सांगतात. प्रत्यक्षात तो कोळी नाहीच, विंचू-कोळ्यांचा चुलतभाऊ म्हणा. त्याला विष नसते. जबडे मात्र मजबूत, त्यामुळे चावल्यास रक्त येते. साबणाने धुवून मलमपट्टी केली की पुरते.

खरोखर कोळीच चावला आहे का?

हा प्रश्न मी सगळ्यांत महत्त्वाचा मानते. कोळी चावताना पाहिला, निदान अंगावरून झटकला, असे सांगणारे थोडेच असतात. बाकीचे जखम पाहून अंदाज करतात. आणि त्या अंदाजामागे अनेकदा दुसराच आजार लपलेला असतो. असे पाच प्रकार लक्षात ठेवावेत.

एक, साधा जंतुसंसर्ग. पायाला लाल, गरम, सुजलेली, पू धरणारी जागा दिसली की "कोळी चावला" म्हणतात. बरेचदा तो गळू किंवा कातडीखालचा संसर्ग असतो. मधुमेह असलेल्यांत तो झपाट्याने पसरतो, आणि पायाची संवेदना कमी झालेली असल्याने दुखत मात्र नाही. मुलाकडे राहायला आलेल्या एका सत्तरीच्या काकांच्या पायावर अशीच जखम होती. घरचे चार दिवस हळद आणि चुना लावत होते, कारण "कोळ्याचे विष उतरायला वेळ लागतो" असे कोणीतरी सांगितले होते. तपासले तेव्हा साखर खूप वाढलेली होती आणि संसर्ग घोट्याच्या वर गेला होता. कोळ्याचा संबंधच नव्हता. आणखी दोन दिवस गेले असते तर बोट वाचवणे अवघड झाले असते.

दोन, नागीण. छातीच्या, पाठीच्या किंवा चेहऱ्याच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे पुरळ व पाण्याचे फोड येतात. त्याआधी एक-दोन दिवस तिथे आग होते. हा कांजिण्यांच्या विषाणूचा आजार आहे. पुरळ दिसल्यापासून शक्यतो ७२ तासांच्या आत औषध सुरू झाले तर जास्त उपयोग होतो. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण दृष्टीला धोका असतो.

तीन, आपल्याकडे ज्याला "कोळी मुतला" म्हणतात तो प्रकार. सकाळी उठल्यावर मानेवर किंवा हातावर भाजल्यासारखा लांबट चट्टा असतो. हे बहुतेक वेळा एका बारीक, नारिंगी-काळ्या किड्याचे काम. पावसाळ्यात तो दिव्यावर येतो, आपण झोपेत त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातल्या रसाने कातडी पोळते. साबण-पाण्याने धुवावे आणि तो हात डोळ्याला लावू नये. बिचाऱ्या कोळ्यावर उगीच आळ!

चार, आणि हा जिवावरचा आहे : मण्यार. महाराष्ट्रात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते तेव्हा दुखतही नाही, सूजही येत नाही, दाताची खूणसुद्धा दिसेलच असे नाही. माणूस म्हणतो, काहीतरी चावले, कोळी-मुंगी असेल, आणि पुन्हा झोपतो. काही तासांनी पोटात दुखते, उलटी होते, पापण्या जड होऊन खाली येतात, गिळता येत नाही, आवाज बदलतो, मग श्वास थांबू लागतो. म्हणून गावाकडे, विशेषतः पावसाळ्यात, रात्री जमिनीवर झोपलेले असताना काही चावल्याची शंका आली आणि चावणारा प्राणी दिसला नाही, तर त्याला कोळी म्हणू नये. साप समजूनच तातडीने रुग्णालयात जावे. तिथे सर्पविषावरची लस आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास मिळाला तर असे रुग्ण बरे होतात.

पाच, हृदयविकार. ज्येष्ठांना घाम, छातीत दडपण, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात दुखणे असे झाले आणि योगायोगाने हातावर एखादा लाल ठिपका दिसला, तर घरचे चाव्याकडे पाहत बसतात. ब्लॅक विडोच्या विषानेही अशीच लक्षणे येतात, त्यामुळे डॉक्टरांनासुद्धा ईसीजी काढूनच खात्री करावी लागते. आपण घरी खात्री करूच शकत नाही. अशा वेळी चावा विसरावा आणि रुग्णवाहिका बोलवावी.

निर्णय कसा घ्यावा? तीन पायऱ्या

पहिली पायरी : लगेच, त्याच क्षणी निघावे. श्वास लागणे, चेहरा-ओठ-जीभ सुजणे, अंगभर पित्त उठणे, चक्कर येऊन पडणे. छातीत दुखणे, दरदरून घाम. पोट-पाठीत गोळे येणे. पापण्या खाली येणे, गिळता न येणे, बोलणे अडखळणे. सतत उलट्या. लघवी गडद होणे. डोळ्याला किंवा तोंडात चावा. रात्री न दिसलेल्या प्राण्याचा चावा. यांतले एकही लक्षण असेल तर वाट पाहू नये. लहान मुलाला आणि हृदयरोग असलेल्या ज्येष्ठाला विंचू चावला किंवा ब्लॅक विडोची दाट शंका असली, तर लक्षणे नसतानाही निघावे.

दुसरी पायरी : त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वेदना साध्या गोळीने थांबत नाहीत. लाली वाढते आहे. फोड आला आहे किंवा मध्ये जांभळट-काळा डाग दिसतो. ताप आहे, पू आहे, लाल रेघ वर चढते आहे. मधुमेह आहे आणि चावा पायावर आहे. रक्त पातळ करणारी गोळी, स्टेरॉइड किंवा कर्करोगावरचे औषध चालू आहे. धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली ते आठवत नाही.

तिसरी पायरी : घरी थांबून लक्ष ठेवावे. छोटा लाल गुलाबी फुगवटा, थोडी खाज, थोडे दुखणे, बाकी प्रकृती उत्तम. असे चावे दोन-तीन दिवसांत आपोआप बरे होतात. मात्र पहिले सहा तास कोणीतरी सोबत असावे, आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी शेजाऱ्यांना कळवून ठेवावे.

शंका असेल आणि दोन पायऱ्यांमध्ये मन अडकले असेल, तर वरची पायरी धरावी. उगीच गेलो असे झाले तर एक खेप वाया जाईल, एवढेच.

घरी काय करावे, काय करू नये

साबण आणि वाहत्या पाण्याने जागा धुवावी. हातावर चावा असेल तर अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढावे, कारण सूज आल्यावर ते कापावे लागते. बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटे ठेवावा, दहा मिनिटे काढावा. मधुमेहींनी पायावर बर्फ जपून लावावा, कारण गारठा कळत नाही आणि कातडी दुखावते. दुखत असल्यास पॅरासिटामॉल नेहमीच्या प्रमाणात चालते. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारावी आणि बाजूला वेळ लिहावी. दोन तासांनी लाली रेघेबाहेर गेली का, हे कोणालाही कळते. ही छोटी युक्ती डॉक्टरांनाही फार उपयोगी पडते. कोळी मेलेला असेल तर डबीत घालून न्यावा, जिवंत असेल तर दुरून मोबाइलवर फोटो काढावा. त्याच्या मागे धावू नये.

करू नये ते असे : दोरी घट्ट बांधू नये, ब्लेडने कापू नये, तोंडाने विष ओढू नये, डाग देऊ नये, चुना, रॉकेल, तंबाखू लावू नये. २०१२ साली आसाममधील सादिया भागात कोळ्यांची मोठी घबराट पसरली होती आणि दोन जण दगावल्याच्या बातम्या आल्या. त्या रुग्णांना आधी वैदूंकडे नेऊन जखमा ब्लेडने कापल्या होत्या. शवविच्छेदन झाले नाही, त्यामुळे मृत्यू विषाने झाला की कापलेल्या जखमेने, हे ठरवताच आले नाही. देवापुढे हात जोडावेत, अंगारा कपाळाला लावावा, श्रद्धेने मनाला बळ मिळते. पण जखमेला अंगारा लावू नये आणि त्यासाठी गाडी थांबवू नये.

वेळेची किंमत : महाडचे उदाहरण

कोळ्यापेक्षा विंचू आपल्याकडे अधिक घातक आहे, आणि त्याचा धडा कोळ्यालाही लागू पडतो. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे, मुले त्यांच्या डोळ्यांसमोर दगावत होती. डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाजवळ बसून लक्षणे टिपली : उलटी, घाम, हातपाय गार पडणे, मग धाप लागणे. हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरते, हे त्यांच्या लक्षात आले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे लॅन्सेट या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी वापरली, आणि गंभीर रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या कामातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, वेदना कमी म्हणून धोका कमी असे नसते. लाल विंचवाच्या गंभीर रुग्णांत कधीकधी जागा फारशी दुखतही नाही. दुसरी, औषध कितीही चांगले असले तरी ते रुग्ण वेळेत पोचला तरच लागू पडते. भगताकडे गेलेले दोन तास परत मिळत नाहीत.

रियाधला येणाऱ्या आई-वडिलांसाठी

मलाझ हा शहराच्या मधला, जुना भाग. इमारतींत कोळ्यांचा उपद्रव फारसा नाही. पण सुट्टीच्या दिवशी मंडळी शहराबाहेर वाळवंटात चटई टाकून बसतात. तिथे काळा आणि पिवळा असे दोन्ही प्रकारचे विषारी विंचू असतात. बूट-चपला झटकूनच घालाव्यात, अंधारात अनवाणी फिरू नये, दगड किंवा लाकडे हाताने उचलू नयेत. विंचू व सापाच्या विषावरची लस रियाधमध्येच तयार होते, त्यामुळे उपचारांची वानवा नाही. फक्त पोचायला हवे.

रुग्णवाहिकेसाठी ९९७ हा रेड क्रेसेंटचा क्रमांक आणि सल्ल्यासाठी आरोग्य मंत्रालयाचा ९३७ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावावा. भारतात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. मुले कामावर असताना उपयोगी पडावेत म्हणून दोन अरबी शब्दही सांगते : कोळ्याला अनकबूत आणि विंचवाला अक्रब म्हणतात. पासपोर्टची प्रत, विम्याचा कागद, चालू औषधांची यादी आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ती चिठ्ठी एका पाकिटात घालून ते दाराजवळ ठेवावे. खर्चाच्या भीतीने मुलांपासून दुखणे लपवू नये, ही माझी आई-वडिलांना हात जोडून विनंती आहे. "मुलाला रजा घ्यावी लागेल" म्हणून रात्रभर कळा सोसणाऱ्या माउली मी पाहिल्या आहेत. मुलाला रजा परवडते, आईचे लपवलेले दुखणे परवडत नाही.

रुग्णालयात गेल्यावर बहुतेकांना लस लागत नाही. वेदनाशामक, स्नायूंचे गोळे सोडवणारे औषध, रक्तदाबावर लक्ष, धनुर्वाताची लस आणि काही तास देखरेख एवढ्यावर भागते. सर्पविषावरची लस कोळ्याच्या विषावर चालत नाही, म्हणून ती द्यावीच असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. अँटिबायोटिकही जंतुसंसर्ग असेल तरच देतात.

न्यासाच्या कामात आपला हातभार

शेवटी एक विनंती. आपल्या पंचक्रोशीत आजही अनेक वृद्ध जमिनीवर चटई टाकून झोपतात, आणि रात्री अंगणातून संडासला जाताना हातात उजेड नसतो. अशा घराला तीन वस्तू मिळाल्या तर अनेक चावे टळतील : एक खाट किंवा फळी, गादीखाली नीट खोचता येणारी मच्छरदाणी आणि एक चांगली बॅटरी. खोचलेली मच्छरदाणी डासांपासून वाचवते, तशी मण्यार, विंचू, कोळी यांच्यापासूनही वाचवते. न्यासाच्या वैद्यकीय मदत निधीस देणगी देताना "खाट, मच्छरदाणी, बॅटरी" असा उल्लेख करावा, किंवा या वस्तू थेट न्यासाच्या कार्यालयात आणून द्याव्यात. पैसे देणे शक्य नसेल त्यांनी वेळ द्यावा. रात्री-अपरात्री ज्येष्ठांना रुग्णालयात पोचवायला ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी आपले नाव कार्यालयातील वहीत नोंदवावे. आम्ही परदेशात राहणारी मुले-मुली वस्तूंचा भार उचलू. गाडी आणि माणूस मात्र गावातच हवा, कारण रात्री दोन वाजता इथून आम्ही फक्त फोन करू शकतो.

हा लेख वाचून झाला की वरच्या तीन पायऱ्यांचे पान कापून देवघराजवळ किंवा फोनजवळ लावावे, आणि ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांना घरातल्या नातवंडांनी मोठ्याने वाचून दाखवावे.

सर्वांना निरामय आयुष्य लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

आपली एक भगिनी,
अल मलाझ, रियाध